सतरा कामाची, वीस होतकरू, सतरा निरुपयोगी : बाखच्या नोकरीचा फेरविचार

२३ ऑगस्ट १७३० रोजी लाइपझिग शहरातल्या एका शाळाशिक्षकाने नगरसभेला एक निवेदन सादर केले. चर्चमधले संगीत नीट चालायचे तर किती गायक आणि किती वादक लागतात, त्यांपैकी किती हाताशी आहेत, याचा तो हिशेब होता. शेवटी त्याने शाळेतल्या ५४ विद्यार्थ्यांची वर्गवारी केली : १७ मुले कामाची, २० अजून तयार व्हायची आणि १७ निरुपयोगी. निवेदनावर सही होती योहान सेबास्टियान बाख याची.

बाखवर लिहिलेल्या बहुतेक लोकप्रिय पुस्तकांत हा कागद एका ठरावीक कामासाठी वापरला जातो. एक अलौकिक प्रतिभावंत, त्याला न ओळखणारे कंजूष नगरसेवक, गाणे न येणारी व्रात्य पोरे आणि या सगळ्यात त्याची वाया गेलेली २७ वर्षे, असे चित्र रंगवले जाते. आपल्याकडेही कलावंतांची चरित्रे याच साच्यात लिहिली जात असल्याने मराठी वाचकाला ते चटकन पटते. मी संगीताचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, मिळतील ती इंग्रजी भाषांतरे आणि अडेल तिथे जर्मन शब्दकोश घेऊन बाखची कागदपत्रे वाचत आलो आहे. या वाचनातून माझे मत असे झाले आहे की हे चित्र नगरसभेवर थोडा आणि बाखवर बराच अन्याय करते. वृंदगानाचा संचालक, ऑर्गनवादक आणि गायनशिक्षक या तीन कामांपैकी तिसरे आपण त्याच्या चरित्रातून जवळजवळ पुसून टाकले आहे. ते परत जागेवर ठेवले, तर त्याच्या संगीताकडे पाहण्याची रीतही थोडी बदलते.

कांटोर म्हणजे कोण?

लाइपझिगमध्ये बाख ज्या पदावर होता त्याला ‘कांटोर’ म्हणत. ‘संगीतकार’ हे त्याचे बरोबर भाषांतर नाही. कांटोर हा थोमासशाळेचा एक शिक्षक असे. शाळेत पन्नासेक निवासी मुले. त्यांना शिक्षण, जेवण आणि निवारा मिळे. त्या बदल्यात त्यांनी शहरातल्या चर्चमध्ये, लग्नांत, अंत्ययात्रांत आणि रस्त्यांवर गायचे. कांटोरने त्यांना गाणे शिकवायचे, त्यांचे चार गट करून दर रविवारी चार चर्चमध्ये पाठवायचे आणि सर्वांत तयारीचा गट घेऊन स्वतः मुख्य संगीत सादर करायचे. शिवाय दर चौथ्या आठवड्याला वसतिगृहावर देखरेख : मुलांना पहाटे उठवणे, प्रार्थना, जेवण, शिस्त. बाखचे बिऱ्हाड शाळेच्याच इमारतीत होते.

ही नोकरी त्याला सहज मिळाली नव्हती. आधीचा कांटोर योहान कूनाउ १७२२ मध्ये वारला. नगरसभेची पहिली पसंती होती टेलेमान. पण त्याला हॅम्बर्गने पगार वाढवून ठेवून घेतले. ग्राउपनरला डार्मश्टाटच्या राजाने सोडले नाही. मग बाखचा विचार झाला. त्याची परीक्षा ७ फेब्रुवारी १७२३ला झाली आणि ५ मे रोजी त्याने अटी मान्य केल्या : मुलांना नीट शिकवीन, चर्चमधले संगीत फार लांबवणार नाही, ते नाटकी होऊ देणार नाही, महापौरांच्या परवानगीवाचून गाव सोडणार नाही. लॅटिन शिकवण्याचे काम मात्र त्याने स्वतःच्या खिशातून पैसे देऊन एका सहशिक्षकावर सोपवले.

मिळकतीचा ताळेबंद त्याने स्वतःच मांडला आहे. ऑक्टोबर १७३० मध्ये बालमित्र गेओर्ग एर्डमान याला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की वर्षाला सुमारे ७०० थालेर मिळतात, पण त्यातले बरेचसे लग्ने आणि मर्तिके यांच्यावर अवलंबून. गावात नेहमीपेक्षा जास्त माणसे दगावली की उत्पन्न वाढते. हवा निरोगी असली की घटते. आदल्या वर्षी हवा चांगली असल्याने त्याचे १०० थालेरांहून जास्त नुकसान झाले होते. हे वाक्य चरित्रकार विनोद म्हणून उद्धृत करतात. मला त्यात विनोद दिसत नाही. भिक्षुकीवर घर चालवणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला हा हिशेब तोंडपाठ असतो.

तक्रार खरी होती का?

बाखचे निवेदन एकटे वाचले तर तो पीडित वाटतो. त्याच्या तीन आठवडे आधीचे, २ ऑगस्ट १७३०चे नगरसभेचे इतिवृत्त शेजारी ठेवले की प्रकरण वेगळे दिसते. कांटोर गाण्याचे तास घेत नाही, परवानगीविना प्रवासाला जातो, विचारले तर खुलासाही करत नाही, अशी त्या बैठकीतली तक्रार होती. त्याच्या वरकड मिळकतीला कात्री लावावी इथपर्यंत बोलणे गेले. म्हणजे २३ ऑगस्टचे निवेदन हे एका अर्थी कारणे दाखवा नोटिशीला दिलेले उत्तर आहे.

तास न घेतल्याची तक्रार खोटी असावी असे मला वाटत नाही. रोजची घोकंपट्टी वरच्या वर्गातल्या मुलांवर, म्हणजे ‘प्रीफेक्ट’वर सोपवायची पद्धत शाळेत होतीच, बाख तिचा भरपूर उपयोग करी. त्याचा हा स्वभाव जुना आहे. वयाच्या अठराव्या वर्षी, १७०३ मध्ये, तो आर्नश्टाटला ऑर्गनवादक झाला. तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर संगीत बसवायला तो नाखूष असे. आपली नेमणूक त्यासाठी नाही असे म्हणे. एका फॅगॉटवादक विद्यार्थ्याला त्याने हिणवले. त्या मुलाने १७०५ मध्ये भर चौकात त्याच्यावर काठी उगारली आणि बाखने खंजीर उपसला. चौकशीत चर्चच्या मंडळाने त्याला समज दिली, ती अशी की जगात अपुरेपणा असायचाच, माणसाने त्यासह नांदायला शिकावे. त्यानंतर चार आठवड्यांची रजा घेऊन तो बुक्स्टेहुडेचे ऑर्गनवादन ऐकायला सुमारे ४०० किलोमीटर चालत ल्युबेकला गेला आणि चार महिन्यांनी परतला. विसाव्या वर्षी दिलेली ती समज त्याने पंचेचाळिसाव्या वर्षीही मनावर घेतली नव्हती, हे १७३०च्या निवेदनावरून दिसते.

पण त्याची बाजूही तितकीच खरी आहे. १७२९ मध्ये शाळाप्रवेशासाठी आलेल्या मुलांची परीक्षा घेऊन त्याने प्रत्येकाच्या नावापुढे शेरा लिहिला होता : याचा आवाज चांगला, याची तयारी बेताची, याला गाण्याचे अंगच नाही. त्याने नापसंत केलेली काही मुले तरीही दाखल करून घेण्यात आली. ज्या शाळेत अनाथ आणि गरीब मुलांना अन्न मिळे, तिथे नगरसभेने केवळ गळा बघून प्रवेश द्यायला हवा होता का? हा प्रश्न बाखच्या चाहत्यांनीही स्वतःला विचारावा असा आहे. गायनशाळा आणि अनाथाश्रम एकाच इमारतीत चालवले की भांडण ठरलेलेच. कूनाउनेही त्याच शाळेत तशाच तक्रारी केल्या होत्या. दोष व्यक्तींपेक्षा रचनेत जास्त होता.

बारा मुले आणि औषधांच्या चिठ्ठ्या

या निवेदनातल्या एका तपशिलावरून गेली चाळीसेक वर्षे अभ्यासकांत वाद चालू आहे. बाख लिहितो की प्रत्येक गटात किमान १२ गायक हवेत, म्हणजे प्रत्येक स्वरपट्टीसाठी तीन. १६ असतील तर फारच उत्तम. १९८१ मध्ये जोशुआ रिफ्किन यांनी असे मांडले की बाखच्या कँटाटांत, म्हणजे रविवारच्या उपासनेसाठी रचलेल्या गीतमालिकांत, एका स्वरपट्टीला बहुधा एकच गायक असे. कारण जपून राहिलेल्या हस्तलिखितांत प्रत्येक पट्टीची सहसा एकच प्रत सापडते. पुढे अँड्र्यू पॅरट यांनी ही बाजू पुस्तकरूपाने विस्ताराने मांडली, तर टोन कोपमान यांच्यासारख्या संचालकांनी तिला कडाडून विरोध केला. विरोधकांचा मुख्य आधार हे निवेदनच : बाख स्वतः बारा म्हणतो, मग चार कसे?

मी हा मजकूर शिक्षकाचा हजेरीपट म्हणून वाचतो. बारा का, याचे कारण बाखनेच पुढे दिले आहे. एखादा आजारी पडला तरी निदान दोन गटांचे मोटेट गाता यावे म्हणून. आणि या दिवसांत मुले वारंवार आजारी पडतात. शाळेच्या वैद्याने औषधवाल्याला लिहून दिलेल्या चिठ्ठ्या बघा, असा पुरावाही तो जोडतो. दोन गटांच्या मोटेटला आठ स्वरपट्ट्या लागतात. बारांतली दोन-चार मुले अंथरुणाला खिळली तर उरतात आठ-दहा, म्हणजे पट्टीला जेमतेम एकेक. निदान मोटेटपुरते तरी पट्टीला एक गायक हे बाखला चालत होते, असा याचा अर्थ निघतो. कँटाटांचा निकाल यावरून लागत नाही. पण हा आकडा वादकांच्या रांगा मनात धरून लिहिलेला नसून सर्दी, ताप आणि फुटणारे आवाज मोजून लिहिलेला आहे, हे विसरून वाद घालण्यात अर्थ नाही.

गळा आणि बोटे

१७३७ मध्ये योहान आडोल्फ शायबे या तरुण समीक्षकाने बाखवर नाव न घेता जी टीका केली, ती आजही विचार करण्याजोगी आहे. हा माणूस स्वतःच्या बोटांवरून कठीणपणा ठरवतो. आपण जे पट्ट्यांवर वाजवतो तेच गायकांनी गळ्यातून काढावे असे त्याला वाटते. हे अशक्य आहे, असा त्याचा मुद्दा. बिर्नबाउम नावाच्या प्राध्यापकाने बाखच्या वतीने लांबलचक उत्तर दिले. बाखभक्त शायबेला अरसिक ठरवून मोकळे होतात, पण ज्याने बाखच्या मोटेटमधली एखादी ओळ गुणगुणून पाहिली आहे त्याला शायबेचा मुद्दा कळतो. श्वास घ्यायला जागा नसते. स्वर वाद्यासारखे उड्या मारतात.

मात्र शायबेच्या आरोपाला एक दुसरी बाजू आहे. ज्या वर्षी बाखने लाइपझिगची नोकरी धरली त्याच १७२३ साली त्याने आपल्या ‘इन्व्हेन्शन्स’ची सुवाच्य प्रत तयार केली. हे नवशिक्यांना पट्टीवाद्य शिकवण्यासाठी केलेले छोटे पाठ. मुखपृष्ठावर त्याने उद्देश लिहिला आहे : दोन आणि तीन स्वरौघ स्वच्छ वाजवता यावेत, कल्पना सुचाव्यात आणि त्या फुलवता याव्यात, आणि सगळ्यात महत्त्वाचे, वाजवण्यात गाणे यावे. म्हणजे तो बोटांना गळ्याच्या शाळेत घालत होता आणि त्याच सुमारास गळ्यांना बोटांच्या. शायबेने अर्धाच व्यवहार पाहिला. आपल्याकडे वाद्यावर गायकी अंग आणणाऱ्याचे कौतुक होते. गळ्यावर तंतकारी लादणाऱ्याला नाके मुरडली जातात. बाखच्या घरी ही देवघेव दोन्ही बाजूंनी चाले. ऑर्गनवादक आणि गायनशिक्षक एकाच अंगरख्यात असल्यामुळेच ती शक्य झाली.

येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. लाइपझिगमध्ये बाख कोणत्याही चर्चचा नेमलेला ऑर्गनवादक नव्हता. ते काम दुसऱ्यांकडे होते. त्याची ऑर्गनवादकाची नोकरी आर्नश्टाट, म्युलहाउझन आणि वायमार इथली. १७१७ नंतर तो ऑर्गन वाजवी तो पाहुणा म्हणून किंवा नवे वाद्य तपासणारा जाणकार म्हणून. ऑर्गनची सवय त्याच्या हातून सुटली नाही. फक्त आता मुलांचे गळे हेच त्याचे रोजचे वाद्य झाले होते.

तो प्रत्यक्ष कसा दिसे याचे एक सुरेख वर्णन उपलब्ध आहे. १७३० ते १७३४ मुख्याध्यापक असलेल्या गेस्नरने १७३८ साली क्विंटिलियनच्या लॅटिन ग्रंथाच्या आवृत्तीत, एका तळटीपेत, ते लिहिले. तीस-चाळीस माणसांमधून एकाला मानेने खुणावणारा, दुसऱ्याला पायाच्या ठेक्याने सावरणारा, तिसऱ्याला बोटाने दटावणारा, कुणाला वरचा, कुणाला खालचा, कुणाला मधला स्वर स्वतः गाऊन देणारा बाख तिथे भेटतो. मला यात स्वर गाऊन देणे महत्त्वाचे वाटते. नंतरच्या काळातल्या छडीधारी संचालकापेक्षा हा माणूस मागे बसलेल्या शिष्याची चुकलेली जागा भरून देणाऱ्या गुरूच्या जास्त जवळचा आहे.

गेस्नरनंतर आलेल्या एर्नेस्टीशी मात्र १७३६ मध्ये त्याचे जबरदस्त भांडण झाले, तेही प्रीफेक्ट कुणी नेमायचा यावरून. मुख्याध्यापकाने नेमलेला मुलगा संगीतात कच्चा आहे, असे बाखचे म्हणणे. एवढ्या तेवढ्यासाठी त्याने राजदरबारापर्यंत अर्ज केले, असे चरित्रकार आश्चर्याने लिहितात. पण शिकवण्याचा सगळा डोलारा ज्या मुलांवर उभा होता त्यांची निवडच हातून गेली, तर शिक्षकाकडे उरते काय?

पहिल्या तीन वर्षांची वही

फोर्केल (१८०२) आणि श्पिट्टा यांच्या चरित्रांपासून बाख म्हणजे आयुष्यभर दर रविवारी ईश्वरासाठी लिहीत राहिलेला भक्त, अशी प्रतिमा रूढ झाली. १९५०च्या दशकात आल्फ्रेड ड्युर आणि गेओर्ग फॉन डाडेलझेन यांनी कागद, जलचिन्हे आणि नकलनविसांची हस्ताक्षरे तपासून कँटाटांचा कालक्रम नव्याने लावला. त्यातून दिसले की हे बहुतांश लेखन १७२३ नंतरच्या मोजक्या वर्षांतच उरकलेले आहे. १९६२ मध्ये फ्रीडरिश ब्लुमे यांनी यावरून खळबळजनक निष्कर्ष काढला : बाखला चर्चच्या कामात मनापासून रस नव्हताच.

या निष्कर्षाशी मी सहमत नाही. कोणताही नवा शिक्षक काय करतो ते पाहावे. पहिल्या दोन-तीन वर्षांत तो रात्र रात्र जागून टिपणांची वही तयार करतो आणि पुढे तीच वही सुधारत वापरतो. त्यावरून त्याचा रस संपला असे कुणी म्हणत नाही. बाखने सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ आठवड्याला एक या वेगाने कँटाटा लिहिल्या, शिवाय १७२४च्या गुड फ्रायडेला योहानकृत आणि १७२७च्या गुड फ्रायडेला मत्तयकृत दुःखसहनगाथा सादर केली. पुढे याच रचना तो दुरुस्त करून पुनःपुन्हा गाऊन घेत राहिला. १७२९ पासून झिमरमानच्या कॉफीगृहातल्या विद्यार्थी-वादकांचा वृंद त्याने हाती घेतला, हे खरे. पण शाळेत न मिळणारे तयार वादक तिथे मिळत होते, हे कारण पुरेसे आहे.

ज्या हस्ताक्षरांवरून हा कालक्रम लागला, त्यांत थोमासशाळेतली मुले आहेत, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. मुख्य नकलनवीस होता योहान आंद्रेआस कूनाउ, आधीच्या कांटोरचा पुतण्या; त्याच्याबरोबर क्रिस्टियान गॉटलोब माइसनर. दर आठवड्याला नव्या रचनेच्या पट्ट्या उतरवून काढणारी ही मुले गाण्याच्या तासाला शिकली नसतील तेवढे त्या लिहिण्यातून शिकली असतील. नगरसभेला जो तास दिसत नव्हता, तो इथे चालू होता. मात्र त्याचा लाभ निवडक मुलांनाच झाला, हेही नोंदवले पाहिजे.

शिष्य

शिक्षकाच्या कारकिर्दीची शेवटची मोजणी शिष्यांवरून व्हावी. क्रेब्स, किर्नबर्गर, किटेल ही नावे वाद्य आणि रचनाशास्त्र यांसाठी घेतली जातात. माझ्या मुद्द्याला दोन नावे जास्त जवळची आहेत. आग्रिकोला या शिष्याने १७५७ मध्ये तोसी या इटालियन गायकाचा गायनावरचा ग्रंथ स्वतःच्या भरघोस टिपांसह जर्मनमध्ये आणला. अठराव्या शतकातल्या जर्मन गायनशिक्षणाचा तो एक प्रमुख ग्रंथ ठरला. गळा समजत नाही असा ज्याच्यावर आरोप, त्याच्याच तालमीतून हा माणूस आला.

दुसरे नाव डोलेस. बाख जिवंत असतानाच, जून १७४९ मध्ये, नगरसभेने त्याच्या जागेसाठी हारर याची परीक्षा घेऊन ठेवली होती. बाख २८ जुलै १७५० रोजी गेल्यावर एका सभासदाने सुनावले की शाळेला कांटोर हवा आहे, दरबारी संगीतप्रमुख नको. हारर १७५५ मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी त्या जागेवर डोलेस आला. म्हणजे नगरसभेला अखेर हवा तसा कांटोर मिळाला तोही बाखचाच विद्यार्थी. त्याने तीस वर्षांहून अधिक काळ शाळा सांभाळली. १७८९ मध्ये मोझार्ट लाइपझिगला आला तेव्हा डोलेसच्या मुलांनी त्याला बाखचे दोन गटांचे एक मोटेट ऐकवले. शाळेचा माजी विद्यार्थी रोख्लिट्झ याच्या आठवणीनुसार, मोझार्टने सगळ्या पट्ट्या मागवून गुडघ्यांवर आणि आजूबाजूच्या खुर्च्यांवर मांडल्या आणि वाचून होईपर्यंत तो उठला नाही. बाखच्या कँटाटा तोवर कपाटात गेल्या होत्या. मेंडेल्सोनने मत्तयकृत गाथा पुन्हा सादर केली ती १८२९ मध्ये. मधल्या काळात मोटेट जिवंत राहिली, कारण ती शाळेत शिकवली जात होती.

शिक्षक, वृंदप्रमुख आणि वादक ही तिन्ही कामे एकाने करण्याची ही चाल आपल्यापासूनही फार दूर नाही. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये संगीताचा ‘मेस्त्रे’ मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवी आणि वृंदगान बसवी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे अशाच एका चर्चमधल्या वृंदप्रमुखाचे चिरंजीव. मुंबईत त्यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. १९७७ साली शिष्याने एका गाजलेल्या चित्रपटगीतात त्यांचे नाव गुंफले. हिंदी-मराठी चित्रपटसंगीतातल्या वाद्यमेळाच्या किती जागा अशा गावोगावच्या मेस्त्रेंच्या वर्गातून आल्या, याचा शोध कुणीतरी घ्यायला हवा. त्या शिक्षकांची चरित्रे लिहिली गेली नाहीत, कारण शिकवणे ही कारकीर्द आहे असे आपण मानतच नाही.

आता त्या निवेदनातल्या १७ निरुपयोगी मुलांकडे येतो. बाखने त्यांच्यावर मारलेला शिक्का मला खुपतो आणि त्याच्या मोठेपणाने तो पुसला जात नाही. पण याच कागदात आणखी एक ओळ आहे. ज्यांना संगीत कळत नाही, ज्यांना जेमतेम साधे स्तोत्र गाता येते, अशा उरलेल्यांना सेंट पीटर चर्चमध्ये पाठवले जाते, असे तो लिहितो. शाळेने त्यांना घरी बसवले नव्हते. दर रविवारी चार गट निघत आणि चौथ्या गटातली मुले आपली साधी स्तोत्रे गाऊन परत येत. त्यांची नावे कोणत्याही संगीतकोशात नाहीत. बाखची कारकीर्द मोजताना पहिल्या गटाचे गाणे आपण दोनशे वर्षे ऐकत आलो आहोत. या चौथ्या गटाचा हिशेबही त्याच खात्यात मांडला पाहिजे.